एअरजेटवर सारखा ‘एच-१’ येतोय? आधी सेन्सरला हात लावू नका

तिसऱ्या रांगेतले शेवटचे चार एअरजेट माग, म्हणजे हवेच्या झोताने आडवा दोरा पलीकडे नेणारे. जूनच्या शेवटापासून रोज तेच. पडद्यावर ‘एच-१’ (आडवा दोरा पलीकडे पोचला नाही, असा सेन्सरचा इशारा), वर दिवा लागलेला आणि कारागीर लांबूनच हात हलवून सांगतोय, ‘भिया, फिर वही!’ तासाला दोन वेळा, वाईट दिवशी पाच वेळा. सूत ४० नंबरचं, साधं सुती. बाकीच्या बारा मागांवर तेच सूत निमूट चाललं होतं.

मी पीथमपूरला एका विणकाम कारखान्यात मेंटेनन्सला आहे. राहतो इंदूरला, राजेंद्रनगरात. मागाचं यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक, दोन्ही बघतो. ही कटकट ज्यांच्या मागे वारंवार लागते त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्याकडे झालेली चूकही लिहितो, कारण तीच चूक मी आणखी दोन ठिकाणी होताना पाहिली आहे.

चूक अशी. चौथ्या-पाचव्या दिवशी रात्रपाळीत कोणीतरी एच-१ चा गेन वाढवला, म्हणजे सेन्सरची नजर तीक्ष्ण केली. माग गप्प झाले. सकाळच्या बैठकीत एफिशियन्सीचा आकडा बघून सगळे खूश. कोणी वाढवला, किती वाढवला, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही. तीन आठवड्यांनी फोल्डिंगमधून, म्हणजे कापड तपासून घड्या घालतात त्या खात्यातून, कापड परत आलं. उजव्या काठाजवळ दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीच्या बारीक रेघा. उजेडावर धरलं की स्वच्छ दिसत होतं, तिथे आडवा दोराच नाही. बाण्याचा दोरा तिथवर पोचलाच नव्हता आणि माग थांबलाही नव्हता.

चार-गुण पद्धतीने कापड तपासणाऱ्यांना याचा हिशेब लगेच कळेल. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, तीन ते सहा इंचांना २, सहा ते नऊ इंचांना ३ आणि त्याहून मोठ्याला ४. आमची एकेक रेघ २ गुणांची. १०० चौरस वारांना ४० गुण ही पुष्कळ गिऱ्हाइकांची मर्यादा असते. म्हणजे तेवढ्या कापडात अशा वीस रेघा झाल्या की मर्यादा गाठली, बाकी कापड कितीही देखणं असो. माग तासाला पाच वेळा थांबला तर कारागिराचे पाय दुखतात आणि मीटर कमी निघतात. तो थांबायला हवा तिथे थांबला नाही, तर तयार झालेलं कापडच हातचं जातं.

हा एच-१ करतो काय

माझे आजोबा इंदूरच्या मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते (मागाला तेव्हा साचा म्हणत). धोट्याचा जमाना. त्यांच्या साच्यावर बाण्याचा दोरा तपासायला एक छोटा काटा असायचा, त्याला ते ‘फोर्क’ म्हणत. धोटा गेला, मागे दोरा पडला की तो दोरा काट्याला ढकलायचा आणि साचा चालू राहायचा. दोरा नसला की काटा ढकलला जायचा नाही, आणि तोच काटा पुढे साचा बंद करायचा. दोरा आहे की नाही, एवढा एकच प्रश्न. एच-१ सुद्धा तेवढाच प्रश्न विचारतो, फक्त हाताने चाचपून नाही, उजेडाने.

एअरजेटवर दोरा डावीकडून निघतो. फीडरच्या ड्रमवर आधीच मोजून गुंडाळलेला असतो. ठरलेल्या अंशाला फीडरची पिन उघडते, मेन नोझल हवा मारतं, दोऱ्याचं टोक फणीच्या (आडवा दोरा कापडाला ठोकणाऱ्या दातेरी पट्टीच्या) खाचेतून उजवीकडे धावतं आणि वाटेतली रिले नोझलं त्याला पुढेपुढे ढकलत नेतात. उजवीकडे कापडाचा काठ संपला की फणीला लागून एच-१ बसलेला असतो. एक इन्फ्रारेड दिवा, शेजारी उजेड ओळखणारा डोळा. दोरा समोर आला की उजेड परततो आणि सिग्नल उठतो. हा सिग्नल ठरलेल्या अंशांच्या खिडकीत आला तर ‘पोचला’, नाहीतर थांबा. त्याच्याही पलीकडे एच-२. त्याचं काम उलटं: तिथे दोरा दिसला तरच थांबायचं, कारण दोरा तिथवर गेला म्हणजे तो तरी लांब सुटलाय किंवा मध्ये तुटून उडालाय.

(आमच्या खात्यात ‘कोन’ म्हणजे सुताचा कोनही आणि मागाचा कोनही. यावरून पूर्वी एकदा अर्धा तास दोघे जण वेगवेगळ्या गोष्टींवर भांडले आहेत. म्हणून मी इथे मागासाठी ‘अंश’ म्हणतो. फणी कापडाला ठोकते तो शून्य अंश.)

वेळ किती कमी असतो ते एकदा कागदावर मांडून बघा. ६०० आरपीएमला एक फेरा १०० मिलिसेकंदांचा, म्हणजे एक अंश जेमतेम ०.२८ मिलिसेकंद. आमची फणीतली रुंदी १६८ सेंटिमीटर. दोरा ९० अंशांना सुटतो आणि सगळं ठीक असेल तर २३२ च्या आसपास पोचतो. १४२ अंश म्हणजे साधारण ३९ मिलिसेकंद. सरासरी वेग सेकंदाला ४३ मीटर, तासाला दीडशे किलोमीटरच्या वर. इतक्या वेगाने धावणारा, नुसत्या हवेच्या भरवशावरचा दोरा दहा-बारा अंश उशिरा आला, तरी त्याचं कारण कुठेतरी असतंच. सेन्सर फक्त निरोप देतो.

पहिलं काम: दोरा उपसू नका

माग एच-१ वर थांबला की कारागिराचा हात सवयीने फटीकडे, म्हणजे ताण्याच्या दोऱ्यांमधल्या उघड्या जागेकडे जातो. फसलेला पिक (एका खेपेला टाकलेला आडवा दोरा) काढायचा आणि माग चालू करायचा. त्याचं चुकत नाही, त्याला मीटरवर पैसे आहेत. पण पुरावा सगळा त्या पिकमध्येच असतो. नव्या मागांवर तर फसलेला दोरा आपोआप बाहेर काढून माग स्वतःच पुन्हा सुरू होण्याची सोय असते. उत्पादनाला ती फार चांगली. निदान करताना मात्र ती बंद ठेवा, नाहीतर तुम्ही पोचेपर्यंत जागा साफ झालेली असते आणि हातात राहतो फक्त पडद्यावरचा आकडा.

आम्ही चारही मागांवर ती बंद केली, गेन पूर्वीच्या ठिकाणी आणला (अर्थातच माग पुन्हा थांबायला लागले, आणि कारागिरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते विसरणार नाही) आणि प्रत्येक मागाला एक शाळेची वही बांधली. माग थांबला की आधी बॅटरी घेऊन फटीत बघायचं, लिहायचं, मगच दोरा काढायचा. पाच रकाने: वेळ, कोणत्या रंगाचा किंवा कोणत्या फीडरचा पिक, टोक उजव्या काठापासून किती आत, टोकाचा आकार, शेरा. मागामागे वीस नोंदी झाल्या की थांबायचं. दोन पाळ्यांत झाल्या.

वीस नोंदींच्या आत कोणाचंही ‘मला वाटतं’ ऐकायचं नाही, स्वतःचं तर मुळीच नाही. माझं ‘मला वाटतं’ मेन नोझलवर होतं आणि ते साफ चुकलं.

फटीत बघताना सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवायची: दोरा काठापर्यंत पूर्ण, सरळ पडलाय की नाही? पूर्ण पडलाय आणि तरी माग थांबलाय, तर दोरा निर्दोष आणि खोट डोळ्याची. सेन्सर, त्याची काच, केबल, सेटिंग, इकडे जा. दोरा अपुरा पडलाय, तर सेन्सरने आपलं काम चोख केलंय. त्याला हात लावायचा नाही, डावीकडून उजवीकडे हवेचा प्रवास तपासायचा. इतकी साधी फाळणी, पण ती न करता लोक सेन्सर बदलतात, मग बोर्ड बदलतात, मग यंत्रवाल्यांना फोन करतात.

टोक वाचायला शिका

दोरा अपुरा असेल तर त्याचं टोक बोटांच्या चिमटीत धरून काळ्या कागदावर ठेवा. मी खिशात पोस्टकार्डाएवढा काळा पुठ्ठा ठेवतो, लोक हसतात, हसू देत.

टोक सरळ आणि स्वच्छ कापलेलं, फक्त दहा-पंधरा सेंटिमीटर कमी पडलेलं: दोरा नीट सुटला, नीट उडाला, शेवटी त्याला बळ मिळालं नाही. हवेचा दाब, उजवीकडची रिले नोझलं, त्यांची वेळ किंवा फीडरवरचा अडथळा.

टोक ब्रशसारखं पिंजलेलं: दोरा कापला गेलेला नाही, फाटलाय. मेन नोझलचा दाब जास्त, किंवा पिक होण्याआधी दोरा नोझलमध्ये धरून ठेवणारी मंद हवा जास्त, त्यामुळे पीळ उकलतो. कमी पिळाच्या सुतात हे हमखास. सुतात नाजूक जागा असली तरी असंच दिसतं, पण मग ते कधीतरी होतं, ओळीने होत नाही. तुटलेला तुकडा पुढे उडून एच-२ समोरून गेला तर पडद्यावर एच-२ येईल, म्हणून या प्रकारात दोन्ही अलार्म मिसळून येतात आणि माणूस गोंधळतो.

टोक आकड्यासारखं वळलेलं किंवा दोरा मध्येच घडी पडून दुहेरी झालेला: वाटेत अडकला. ताण्याचा एखादा दोरा सैल लोंबतोय, दोन दोरे खळीने चिकटलेत, फट पुरेशी स्वच्छ उघडत नाही, किंवा एखाद्या रिले नोझलच्या डोक्यावर ओरखडा आहे आणि ताणा त्याला अडतोय. घडी दर वेळी एकाच जागी पडत असेल तर त्या जागेच्या समोर ताण्यावर बोट फिरवा. बोटाला लागतं.

दोरा डावीकडेच, नोझलच्या तोंडाशी गोळा झालेला: कटर. पात्याची धार गेली की दोरा कापला न जाता ओढला जातो आणि पुढच्या पिकचं तोंडच बिघडतं.

मग दुसरा रकाना बघा. दोन फीडर आळीपाळीने चालत असतील आणि थांबे एकाच फीडरच्या पिकवर येत असतील, तर दोष त्या वाटेवर आहे: त्याचा कोन, त्याचा फीडर, त्याचं मेन नोझल. दोन्हींवर सारखे येत असतील तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे रिले नोझलं, हवेची लाइन, फणी, सेन्सर. या एका रकान्याने निम्मं यंत्र बाजूला पडतं.

आमच्या वहीत काय निघालं

१३, १५ आणि १६ नंबरच्या मागांच्या नोंदी जवळजवळ एकसारख्या होत्या. टोक सरळ, स्वच्छ, काठापासून ८ ते १५ सेंटिमीटर आत. दोन्ही फीडर सारखे. थांबे रात्री उशिरा आणि पहाटे जास्त.

१४ वेगळा निघाला. वीसपैकी नऊ नोंदी बाकी तिघांसारख्या, पण अकरांत शेरा होता, ‘पूरा पड़ा है’. महिनाभर आम्ही चार मागांचा एकच आजार समजत होतो. १४ नंबरला दोन होते, आणि दोन्ही एकाच अलार्मखाली लपले होते. वही नसती तर हे कळायला कोणताच मार्ग नव्हता.

आधी अपुऱ्या दोऱ्याचं. पोचण्याचा अंश पडद्यावर बघितला. चांगल्या मागांवर सरासरी २३२. या चौघांवर २४६. चौदा अंश म्हणजे ४ मिलिसेकंदही नाहीत. पण नुसती सरासरी बघून समाधान मानू नका, पसारा बघा. चांगल्या मागांवर पिक २२७ ते २३८ मध्ये पडत होते, यांच्यावर २३६ पासून पार २६० पर्यंत. रिले नोझलांचा शेवटचा गट ठरलेल्या अंशाला बंद होतो. त्यानंतर आलेल्या टोकाला ढकलायला कोणी उरत नाही आणि ते काठाच्या अलीकडे दमतं. दोरा सरासरीने मरत नाही, उशिरा आलेल्या त्या थोड्या पिकांवर मरतो.

दाबाचे काटे बघितले, ५.५ बार, शेजारच्या मागाइतकेच. इथे आमचे दोन तास गेले. मग जुन्या जॉबर काकांनी (जॉबर म्हणजे माग लावून देणारा मुकादम) विचारलं, ‘काटा माग बंद असताना पाहिलात का चालू असताना?’ मी बंद असताना पाहिला होता. चालू करून पाहिला. बाकीच्या मागांवर काटा ५.३ ला थरथरत होता, या चौघांवर ४.६. बंद नळावर बोट ठेवून दाब बघितल्यासारखं झालं होतं. पाणी वाहत नसताना गंजलेल्या पाइपातही दाब पूर्ण दिसतो. नळ उघडला की कळतं.

चौघांची लाइन एकच फांदी, आणि फांदीच्या तोंडाशी एक फिल्टर. वाडगा उघडला तर अर्धा भरलेला, दुधाळ पाणी आणि तेल. आतली कांडी फुगून तपकिरी, बोटाने दाबली तर पिळलेल्या फडक्यासारखं पाणी निघालं. आपोआप पाणी सोडणारा फ्लोट चिकटलेला. किती दिवसांचा, देव जाणे.

जूनच्या शेवटी का सुरू झालं, हे तेव्हा कळलं. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि हवेबरोबर तिच्यातली वाफ. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४० अंश तापमान आणि २० टक्के दमटपणा असला तर एका घनमीटर हवेत साधारण १० ग्रॅम पाणी असतं. पावसाळ्यात २८ अंश आणि ८० टक्के धरा, तर जवळजवळ २२ ग्रॅम. तासाला हजार घनमीटर हवा ओढणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये पावसाळ्यात तासाला वीस लिटरच्या वर पाणी शिरतं. त्यातलं बहुतेक ड्रायर आणि ड्रेन बाहेर काढतात, म्हणून आपल्याला जाणवत नाही. ड्रायर दमला किंवा एखादा ड्रेन चिकटला की ते पाणी लाइनीतून खाली वाहत वाहत टोकाच्या मागांकडे येतं. रात्री पाइप गार पडतात, पाणी आणखी सुटतं. रांगेच्या शेवटचे चारच माग आणि पहाटेच जास्त थांबे, दोन्हींचं उत्तर एकाच वाडग्यात होतं.

कांडी बदलली, फ्लोट बदलला, लाइनीच्या टोकाला हाताने उघडायचा एक कॉक बसवला. चालू मागावरचा दाब ५.३. पोचण्याचा अंश १३ आणि १६ वर २३३ ला आला. १५ वर २३९ ला अडकला.

१५ वर रिले नोझलं एकेक तपासली. माग बंद ठेवून एका गटाचा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा, आणि सुताचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून प्रत्येक नोझलसमोर न्यायचा. चांगल्या नोझलसमोर तुकडा ताठ उभा राहतो, फणीच्या खाचेकडे तोंड करून. शेवटून दुसऱ्या गटातल्या एका नोझलसमोर तो नुसता डुलत राहिला. बाहेर काढलं तर छिद्राशी गंज आणि खळीची भुकटी मिळून घट्ट पापुद्रा. दुसरं एक किंचित फिरलेलं होतं, हवा खाचेत न जाता फणीच्या दातांवर मारत होतं. नोझल परत बसवताना उंची आणि कोन मापपट्टीनेच लावा. नजरेने लावलेलं नोझल नजरेला बरोबर दिसतं आणि दोऱ्याला चुकीचं. बारीक तारेने छिद्र खरवडू नका, छिद्राची कड बिघडली की हवेचा झोत कायमचा वाकडा. अल्ट्रासॉनिकमध्ये धुवा, नाहीतर बदला. १५ सुद्धा २३२ वर आला.

आता १४ चा दुसरा आजार

दोरा पूर्ण, सरळ, काठाबाहेर पोचलेला, आणि माग म्हणतोय आला नाही. खोट्या थांब्यात मी ठरलेल्या क्रमाने जातो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो.

आधी काच. उडती रुई, खळीची भुकटी आणि तेलकट हवेचा थर मिळून काचेवर जी साय धरते ती डोळ्यांना दिसत नाही, उजेडाला दिसते. मऊ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. थिनर नको, काच कसली, प्लास्टिकच असतं ते, धुरकट होतं. हवेच्या गनने फुंकून भागवू नका. गनची हवा तीच, तेल-पाण्याची. १४ ची काच पुसली, फरक नाही.

मग जागा. फणीच्या खाचेशी सेन्सरचं तोंड एका रेषेत आहे का, फणी बदलताना कोणी तो थोडा वर-खाली बसवला का, टाकाऊ काठाचा लोंबणारा दोरा त्याच्यासमोर फडफडतो का. ठीक होतं.

मग अदलाबदल. १४ चा सेन्सर १३ वर, १३ चा १४ वर. दोष सेन्सरबरोबर गेला तर सेन्सर खराब. मागावरच राहिला तर केबल किंवा बोर्ड. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सेन्सरच्या किमतीकडे पाहता ते न करता नवा मागवणं म्हणजे उधळपट्टी. दोष १४ वरच राहिला.

म्हणजे केबल. सेन्सर स्लेवर, म्हणजे फणी धरून ठेवणाऱ्या दांड्यावर बसतो आणि स्ले प्रत्येक पिकला पुढेमागे होतो. ६०० आरपीएमला चोवीस तासांत ८,६४,००० वेळा. ती केबल तेवढ्या वेळा वाकते, नेहमी त्याच जागी. बाहेरचं आवरण लवचीक, ते टिकतं; आतली तांब्याची तार थकते. तुटलेली टोकं कधी टेकतात, कधी सुटतात. मीटर लावून केबल तपासली तर चांगली दाखवते, कारण मीटर लावताना माग बंद असतो आणि केबल स्वस्थ. (दाबाच्या काट्यासारखंच. इतक्या लवकर तोच धडा दुसऱ्यांदा.) मीटरची पिन लावून ठेवली (तार जोडलेली असेपर्यंत मीटर वाजत राहतो) आणि एकाने स्ले हाताने हळूहळू पुढेमागे केला. ३०० अंशांच्या आसपास काही नाही, १०० ला काही नाही, २२० ते २४० मध्ये आवाज तुटला. नेमका दोरा पोचण्याच्या वेळी. एखादी जागा याहून वाईट निवडता आली नसती.

केबल बदलली. नवी बसवताना जुन्या चाकोरीत घट्ट न बांधता थोडा मोकळा वळसा ठेवला, म्हणजे वाकणं एका बिंदूवर न येता लांबीभर वाटलं जातं. १४ चे खोटे थांबे त्या पाळीपासून बंद.

गेन कुठे ठेवायचा

लोक विचारतात, नेमका आकडा सांगा. आकडा सुतावर, रंगावर, यंत्रावर अवलंबून आहे, त्यामुळे पद्धत सांगतो. माग चालू असताना दोरा आल्यावर सिग्नल किती उठतो ते बघा. मग दोरा न सोडता माग फिरवा आणि रिकाम्या खाचेत सिग्नल किती उठतो ते बघा. तो उडत्या रुईचा, काठाच्या दोऱ्यांच्या थरथरण्याचा, विजेच्या गोंगाटाचा. गेन असा हवा की या दोन्हींत स्वच्छ अंतर राहील. गेन वाढवला की दोन्ही वाढतात. एका मर्यादेनंतर रुईचा कणही दोऱ्याइतका मोठा दिसायला लागतो, मग दोरा आला नाही तरी सेन्सर म्हणतो ‘आला’. आमच्या त्या रेघा अशाच झाल्या.

काळ्या, गडद निळ्या बाण्यावर दोऱ्याचा सिग्नल मुळातच बारीक असतो, तिथे गेन वाढवावा लागतो, ते बरोबर आहे. पण मग खिडकी अरुंद करा, म्हणजे भलत्या अंशाला आलेला कण मोजला जाणार नाही. काच पाळीला एकदा पुसा. आणि पांढऱ्या सुतावर परत जाताना गेन खाली आणायला विसरू नका. शेवटचं सगळेच विसरतात.

सेट केल्यावर परीक्षा घ्या. मुद्दाम दोरा आखूड पाडा: फीडर आणि नोझलच्या मधे दोरा कापून माग चालू करा. पाच वेळा केलं तर पाचही वेळा थांबला पाहिजे. चार वेळा थांबला तर सेटिंग नापास. थांब्यांची संख्या कमी झाली म्हणून सेटिंग बरोबर, असं धरून चालणारे बरेच आहेत, आणि त्यांना फोल्डिंगवाले ओळखतात.

एच-२ बद्दल थोडंसं

वारंवार एच-२ येत असेल तर उजवीकडे बाहेर आलेली जादा शेपटी मापा. फीडरवर आमचे एका पिकला चार वेढे, म्हणजे एक वेढा ४२ सेंटिमीटरचा. शेपटी नेमकी तेवढी जादा असेल तर वेढे मोजणाऱ्या सेन्सरचा एक वेढा हुकला, किंवा पिन वेळेवर पडली नाही. त्या सेन्सरची काच पुसा, पिनचा मॅग्नेट बघा, पिनला दोऱ्याने खाच पाडलीय का बघा. शेपटी दर वेळी वेगळी असेल तर दोरा तुटून उडतोय, वर पिंजलेल्या टोकाचं लिहिलंय तिकडे जा.

आता फिल्टरचा वाडगा पावसाळाभर रोज सकाळी सातला रिकामा होतो; कोणी केला त्याची सही तिथेच टांगलेल्या पुठ्ठ्यावर असते. गेनचा आकडा प्रत्येक मागाच्या पॅनेलवर चिकटपट्टीखाली लिहून ठेवला आहे, तारीख आणि सुताच्या नंबरासकट. बदलायचा तर जुना आकडा खोडायचा नाही, त्याच्याखाली नवा लिहायचा आणि कारण लिहायचं. परवा १६ वर एक नवी ओळ दिसली, पहाटे तीनची: ‘काला बाना, गेन २ बढ़ाया, सुबह वापस करना है।’ सकाळी मी पोचलो तोवर त्याच्याखाली दुसरं अक्षर होतं, ‘कर दिया।’